दहावी सही

कोर्टनाक्याला, कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकून
माझं टेबल. लॅपटॉप, प्रिंटर, स्टॅम्पपॅड,
उन्हाने वाकलेली पाटी.
एकोणीस वर्षं भाडेकरार, नावात बदल, हरवलेलं रेशनकार्ड,
आणि दर पाच वर्षांनी
आठवडाभर देश.

देश म्हणजे नमुना सव्वीस.

गोठिवलीचे काशिनाथ पोशा मढवी
शेवटच्या दिवशी साडेबाराला आले.
खिशातून एक मळकं कार्ड काढलं : "ह्ये पन लावा."
बॉयलर अटेंडंट, दुसरा वर्ग, सन ब्याऐंशी.
हे नाही लागत, मी म्हटलं.
"नाय लागत?"
वय पंचवीस पूर्ण. भारताचे नागरिक. मतदारयादीत नाव.
लाभाचं पद नको, दिवाळखोरी नको.
विकल मनाचे नाही आहात ना?
"कोन ठरवतं?"
कोर्ट.
"मंग अजून ठरवलं नाय."

हसले नाहीत ते.
"वाफेचा काटा लाल रेघेवर गेला तं काय करशील,
तीन साहेबांनी मना उभं करून इचारलं.
एक चुकलो असतो तं घरी.
आनि इथं?"
इथं कोणी विचारत नाही.
कार्ड खिशात परत जाताना अर्ध्यात थांबलं.
"बरं हाय. इचारत नाय म्हनून तं आलो.
इचारनारे कोन असते, ते म्हाईत हाय आपल्याला."

रकाने भरत गेले मी.
शेतजमीन : निरंक.
"निरंक कसा? होती."
होती, याला रकाना नाही.
त्यांनी सर्व्हे नंबर म्हणून दाखवले, एकामागून एक,
पोटहिश्श्यांसकट,
मी बोटं उचलून ऐकले.

पंचवीस हजार रोख, रबरबँड लावलेले.
पक्ष नाही, म्हणून सूचक दहा.
नऊ टेंपोतून आले, दहावा भावकीतला,
ऐरोलीच्या सिग्नलनंतर फोन उचलेना.
अडीच. दोन चाळीस.
तीनला आतलं दार बंद होतं.
द्या इकडे, मी म्हटलं,
आणि कुमुद साळसकर अशी
सरळ, वाचता येईल अशी सही केली.
यादीभाग, अनुक्रमांक, सगळं पाठ.

छाननीत साहेबांचं बोट दहाव्या ओळीवर थांबलं.
बाई कळव्याच्या.
खाडीपुलाच्या अलीकडे ठाणे,
पलीकडे, दिल्लीच्या हिशेबात, कल्याण.
रोज दोनदा मतदारसंघ बदलते मी
आणि डब्यातल्या भाजीला पत्ता नसतो.

दुसऱ्यांना विचारत आले : वय? नागरिक? यादीत नाव?
स्वतःच्या हाताला
काही विचारलं नाही.

कॉरिडॉरमध्ये वाक्य जुळवत उभी होते.
ते चिठ्ठी घेऊन बाहेर आले.
"पैशे परत मिलतील म्हनतात."
हो. अर्ज नाकारला की परत मिळतात.
मतं कमी पडली की जातात.
"म्हंजे हरलो नाय मी."
मग चष्मा पुसत :
"पुढच्या टायमाला एकोनसत्तर. वय जास्त चालतं?"
चालतं. वरची अट नाही.
"बॉयलरला होती," म्हणाले. "अठ्ठावन्नला काढला आमाला."

जिना उतरताना मागे वळून,
माझ्याकडे नाही, पाटीकडे बघत :
"टेंपोत नऊ जन बसलेत.
कोनाच्या सहीनं गेला, ते नाय सांगितलं मी."

संध्याकाळी रिक्षा पुलावर अडकली.
खाली ओहोटी, गाळात रुतलेली एक होडी.
नेमकं कुठे ठाणं संपतं
ते कठड्यावर शोधत राहिले.
तिथे कोणीतरी खडूने
फक्त एक मोबाइल नंबर लिहिला होता,
शेवटचा आकडा पुसलेला.